परसातला मुळा

खामगावची जमीन काळी. कपाशीला मानवते, मुळ्याला मात्र तशीच्या तशी चालत नाही. वाळली की ती आवळून बसते आणि खाली शिरणाऱ्या मुळाला फाटे फुटतात. म्हणून दसऱ्यानंतर मी माती भुसभुशीत करते, जुनं, पुरतं कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळते आणि वरंब्यावर बी टोकते. विरळणी करताना रोपं उपटणं जिवावर येतं, तरी दोन रोपांत चार बोटं जागा हवीच. उपटलेला कोवळा पाला भाजीत जातो. 'पुसा चेतकी' जातीचा मुळा 40-45 दिवसांत काढणीला येतो. त्यानंतर मोह नको. मुळा जून होतो, आतून पोकळ पडतो.

अख्खा मुळा हुंगला तर फारसा झणका येत नाही. किसणीवर घासला की थेट नाकात जातो. त्याचा तिखटपणा आधीपासून तयार नसतो. गंधक असलेली द्रव्यं आणि त्यांना फोडणारं एन्झाइम एकमेकांपासून अलग असतात. पेशी फुटल्या की त्यांची गाठ पडते. युरोपातल्या हॉर्सरॅडिशचा झणकाही असाच तयार होतो, पण त्या झाडाला थंडी लागते आणि आमच्याकडे मे महिना भाजून काढतो. इंग्रज इथे शेवग्याची मुळं किसून त्याची हौस भागवत. तो प्रयोग कोणी करू नये. त्या मुळांच्या सालीत अपायकारक द्रव्यं असतात.

आपल्याला मुळ्याचा चटका पुरेसा आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, त्यात मीठ, लिंबू आणि हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी. फोडणी गार होऊ द्या आणि मुळा अगदी पानं वाढायच्या वेळी किसा. तासभर आधी किसून ठेवलेल्या मुळ्यात जीव राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. मीठ लावून पिळला तर ते पाणी भाकरीच्या पिठात घाला.

सगळे मुळे मात्र उपटू नका. राखलेल्या झाडांना पांढरी-जांभळट फुलं येतात, मधमाश्या येतात, मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. बहुतेक मुळ्यांना स्वतःचा पराग चालत नाही, त्यामुळे एकट्या झाडावर शेंगा नीट धरत नाहीत. करकरीत, कोवळ्या डिंगऱ्यांची डाळीचं पीठ पेरून केलेली भाजी मला मुळ्याहून सरस वाटते. डिंगऱ्या बाजारात क्वचित मिळतात. तेव्हा यंदा वाफ्याच्या कडेला पाच-सहा झाडं राखाच.