माल उतरला, मजुरी चढली

घटस्थापनेच्या मुहूर्तावर, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 रोजी, सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. घर बांधायला निघालेल्यांना वाटले, आपला दसरा यंदा लवकर उजाडला. पानमसाला आणि महागड्या मोटारींच्या पंगतीत बसलेले सिमेंट आठ वर्षांनी तिथून उठले, ते बरेच झाले. पण पाटीवर हिशेब मांडून पाहावा. हजार चौरस फुटांच्या साध्या घराला ठोकताळ्याने चारशे गोण्या सिमेंट लागते. साडेतीनशेची गोणी सव्वीस-सत्तावीस रुपयांनी उतरली, तर सगळी बचत दहा-अकरा हजारांची. चौरस फुटाला दोन हजार रुपये खर्च धरला, तर घर वीस लाखांचे झाले आणि करकपातीने त्यातला जेमतेम अर्धा टक्का वाचला. याच घरात मजुरीचा वाटा पाव धरला, तर ती पाच लाख होते. मजुरी दहा टक्क्यांनी वाढली की पन्नास हजार गेले.

येत्या वर्ष-दोन वर्षांत बांधकामाचा खर्च कुठे वळेल, याचे उत्तर या त्रैराशिकात बरेचसे येऊन जाते. माल सध्या नरम आहे. पैसा कागदावर भरपूर आहे, पण हातात उशिरा येतो. आणि काम करणारी माणसे मिळवणे दिवसेंदिवस अवघड व महाग होत चालले आहे.

आधी माल. पोलाद 2022 साली रशिया-युक्रेन युद्धाच्या झळीने इतके भडकले होते, की केंद्राला त्या मे महिन्यात निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावावे लागले. नोव्हेंबरात ते मागे घेतले. आता वारे उलटे वाहते आहे. चीनच्या स्वतःच्या घरबांधणीने मान टाकली आणि तिथले पोलाद जगभर ओतले जाऊ लागले. 2024 साली चीनने 11 कोटी टनांहून अधिक पोलाद बाहेर पाठवले. भारतही तयार पोलादाचा निव्वळ आयातदार ठरला, म्हणून एप्रिल 2025 मध्ये सपाट पोलादावर 12 टक्के संरक्षक शुल्क बसले. घराच्या स्लॅबमधली सळई या शुल्काच्या थेट कक्षेत येत नाही. तिचे गणित जालन्यात जुळते. जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवून सळई काढतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात कॉलम उभा राहिला, तर त्यात बहुधा जालन्याचे लोखंड असते. तिथल्या कारखानदाराला युद्धापेक्षा विजेच्या दराची चिंता जास्त. भट्टी वीज पिते, आणि दर बदलला की किलोमागचा भावही हलतो.

सिमेंटचे अर्थकारण वेगळे. ते जड आणि त्या मानाने स्वस्त, त्यामुळे लांब नेले की भाडेच मालाला खाते. जिथे चुनखडी तिथे कारखाना, म्हणून महाराष्ट्राचे सिमेंट चंद्रपूरच्या पट्ट्यात, गडचांदूर, आवाळपूर, घुग्घुस इथे पिकते. मुंबईला गुजरातच्या किनाऱ्यावरून जहाजानेही माल येतो. 2022 साली अंबुजा आणि एसीसी अदानी समूहाकडे गेल्या, पुढे अल्ट्राटेकने केसोराम आणि इंडिया सिमेंट्सचे कारखाने घेतले. बाजार दोन मोठ्या हातांत एकवटत चालला आहे. दोघांनीही जास्त जागा मिळवण्यासाठी भाव दाबून धरले, ते ग्राहकाच्या पथ्यावर पडले. जागा मिळून झाल्यावर काय होईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. करकपातीचा फायदाही सर्वांना सारखा नाही. स्वतःचे घर बांधणाऱ्याला तो थेट मिळतो. फ्लॅटवर कमी दराने जीएसटी घेणाऱ्या बिल्डरला मालावर भरलेल्या कराची वजावट नसते, म्हणून त्याचाही खर्च कमी होतो. तो किंमत कमी करील की नाही, हा भाग वेगळा. सरकारी रस्त्याचा ठेकेदार मात्र वजावट घेतच होता, त्याच्या पदरात फारसे काही पडले नाही.

वाळूची कथा तर धोरणांचीच आहे. 2023 साली सरकारने डेपो उघडून 600 रुपये ब्रासने वाळू देऊ केली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कागदावर दर झकास होता, पण डेपोपर्यंत वाळू पोचेना आणि रात्रीचे डंपर थांबेनात. एप्रिल 2025 मध्ये नवे धोरण आले. डेपो गेले, लिलाव परतले. घरकुलांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आणि सरकारी कामांत कृत्रिम वाळूची सक्ती टप्प्याटप्प्याने. पुण्याच्या बांधकामांवर जिला सगळे ‘क्रश सँड’ म्हणतात, ती ही दगडाची वाळू. गवंडी अजून गिलाव्याला तिच्यावर नाक मुरडतात. पण नद्यांची अवस्था पाहता भविष्य तिचेच आहे, आणि खाणीजवळ राहणाऱ्यांना त्या भविष्याची धूळ आत्ताच दिसते.

मालाच्या या नरमाईला एक खोच आहे. ग्रामीण महाराष्ट्रात सध्या एकाच वेळी लाखो घरे उठत आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याला एका फटक्यात सुमारे 20 लाख घरकुले मंजूर झाली. केंद्राचे अनुदान सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये. योजना 2016 साली आली तेव्हाही तेवढेच होते. राज्याने 2025-26 च्या अर्थसंकल्पात 50 हजारांची भर जाहीर केली, ती नसती तर जोते उठून भिंती अडल्या असत्या. तालुक्यातल्या चार गावांत शंभर घरकुले एकदम निघाली की विटा, वाळू आणि त्याहून आधी गवंडी कमी पडतो. अनुदानाचा हप्ता आला तरी गवंडी येत नाही, ही तक्रार आता गावोगावची आहे.

मोठ्या पैशाकडे वळू. केंद्राचा भांडवली खर्च 2019-20 मध्ये सुमारे 3 लाख 36 हजार कोटी होता. 2024-25 साठी तो 11 लाख 11 हजार कोटी ठरला, सुधारित अंदाजात 10 लाख 18 हजार कोटींवर आला. 2025-26 साठी 11 लाख 21 हजार कोटी. म्हणजे पाच वर्षे धाव घेतल्यावर गाडी पठारावर आली. आकडा प्रचंडच आहे, पण तो वर्षाला तिसऱ्या हिश्शाने वाढण्याचे दिवस संपले. बांधकाम क्षेत्राची वाढही तेच सांगते. 2024-25 मध्ये 9.4 टक्के, तर 2025-26 च्या पहिल्या तिमाहीत 7.6 टक्के. 2025 साली 26 मे रोजीच मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, इतक्या लवकर तो नोंदींत कधी आला नव्हता. पावसाळ्यापूर्वी उरकायच्या स्लॅबचे आणि डांबरीकरणाचे दिवस त्याने खाल्ले.

महाराष्ट्रात मोठी कामे ओळीने पूर्ण होत आहेत. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला खुला झाला, नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन आणि मुंबईच्या भूमिगत मेट्रो 3 चा अखेरचा टप्पा त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला. मेट्रो 3 हे उशिराची किंमत शिकवणारे प्रकरण आहे. मूळ अंदाज 23,136 कोटींचा, शेवट 37 हजार कोटींच्या पुढे. आरे कारशेडचा वाद, न्यायालये, सरकारांचे बदल, कोविड, सगळे त्यात मुरले. सिमेंटचे भाव कितीही चढले असते तरी एवढी भर त्यांनी घातली नसती. पुढच्या रांगेत 76,220 कोटींचे वाढवण बंदर आहे, बुलेट ट्रेन आहे, आणि कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकऱ्यांचा विरोध ओढवून घेतलेला शक्तिपीठ महामार्ग आहे. त्यामुळे यंत्रे रिकामी बसणार नाहीत.

प्रश्न बिलांचा आहे. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटींची दाखवली होती, एकट्या ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी 36 हजार कोटींची तरतूद होती, आणि सप्टेंबर 2025 च्या पुराने मराठवाडा-सोलापूर धुऊन निघाल्यावर 31,628 कोटींचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले. ही मदत द्यायलाच हवी होती. पण तिजोरी एकच असते. कंत्राटदार संघटना 2025 साली वर्षभर थकबाकीचा आकडा 80-90 हजार कोटींच्या घरात असल्याचे सांगत आंदोलने करत होत्या. आकड्यावर वाद होऊ शकतो, थकबाकीवर नाही. मोठी कंपनी बँकेच्या जोरावर तग धरते. जलजीवन मिशनमधली पाण्याची टाकी किंवा गावचा रस्ता घेतलेला छोटा ठेकेदार मात्र सिमेंट दुकानदाराची उधारी वाढवतो, मग मुकादमाला थांबवतो आणि मुकादम मजुराची हजेरी लांबवतो. मंत्रालयातली अडचण अशी उतरत उतरत जाते आणि सर्वांत कमी सोसू शकणाऱ्याच्या अंगावर पडते.

खासगी घरांचा बाजार या मानाने सुखात आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. मुंबईत 2024 मध्ये 1 लाख 41 हजारांवर दस्त नोंदले गेले. फक्त स्वस्त घरे कोणी बांधत नाही, कारण जागेचा भाव देऊन झाल्यावर लहान घरात बिल्डरला काही उरत नाही. हा विषय वेगळ्या लेखाचा.

आता माणसांकडे. देशात बांधकामावर सुमारे सात कोटी लोक जगतात आणि नाइट फ्रँक व आरआयसीएस यांच्या 2023 च्या पाहणीनुसार त्यांतले 81 टक्के अकुशल आहेत. लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी 2024 च्या मध्यात सांगितले, की कंपनीला 25 ते 30 हजार मजूर कमी पडत आहेत. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांनी कल्याणकारी योजनांमुळे मजूर गाव सोडायला तयार नाहीत, असे म्हटले. त्यांच्या हिशेबाने चार लाख माणसे कामावर ठेवायची तर वर्षाला सोळा लाखांची भरती करावी लागते, कारण ती टिकत नाहीत. यातला भरतीचा आकडा महत्त्वाचा आहे. कारणमीमांसा सोयीची वाटते. ‘लाडकी बहीण’चे महिन्याला दीड हजार रुपये मिळाल्याने कोणी पुण्याच्या पत्र्याच्या खोलीतली मजुरी सोडत नाही. ती खोलीच सोडण्यासारखी असते. दहा बाय दहात आठ माणसे, रांगेचे संडास आणि पोरांना शाळा नाही. गावाजवळ थोडे कमी मिळाले तरी माणूस तिथेच थांबणार.

शिवाय बिहारी किंवा बंगाली मजुरापुढे आता निवड आहे. 2022-23 च्या आकडेवारीत ग्रामीण बांधकाम मजुराची रोजची मजुरी केरळात 850 रुपयांच्या वर होती, मध्य प्रदेशात 280 च्या आत, देशाची सरासरी 393 च्या आसपास. एवढी तफावत असताना चांगला सेंटरिंगवाला कुठे जाईल? 2024 च्या सुरुवातीला इस्रायलने गवंडी, सेंटरिंग, सळई आणि टाइल्सच्या कामासाठी भारतात भरती केली, पगार महिन्याला सुमारे 1 लाख 37 हजार रुपये. युद्ध चालू असूनही हरियाणा-उत्तर प्रदेशात रांगा लागल्या. त्या रांगांत उभे होते ते कुशल कामगार. बिगारी नव्हे, बारबेंडर आणि टाइल्सवाला दुर्मिळ होतो आहे, आणि मजुरीची वाढ तिथेच सर्वांत तीव्र आहे.

महाराष्ट्रात या ओढाताणीला हंगाम आहे. सकाळी पुण्याच्या वारजे, कात्रज, हडपसरच्या मजूर अड्ड्यांवर उभी राहणारी माणसे बरीचशी मराठवाड्यातली, विदर्भातली आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी-विजयपुऱ्याची. दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होते. 2025 साली गाळप 1 नोव्हेंबरपासून ठरले. बीडच्या कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीने, उचल घेतली की अड्ड्यावरची जोडी कमी होते. त्याच दिवसांत उत्तरेकडचे कामगार छठपूजेला गावी जातात, आणि 2025 साली तर नोव्हेंबरात बिहारची निवडणूकही होती. पावसाळा संपून कामाला खरा जोर येतो तेव्हाच माणसे सर्वांत कमी असतात. उलट, पुराने ज्यांची माती खरवडून नेली त्या शेतकऱ्यांपैकी काही जण शहरांच्या अड्ड्यांवर येतात. बिगारीचा दर त्याने काही काळ रोखला जातो, गवंड्याचा नाही.

बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आला. राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे त्यातून मोठा निधी जमतो. सुरक्षा संच आणि भांड्यांचा संच मिळवण्यासाठी केंद्रांवर झुंबड उडते. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावर रोज नवा मालक भेटणाऱ्या मजुराने तो कुणाकडून आणायचा? मग दाखले मिळवून देणारे दलाल उभे राहतात आणि कधी थापी न धरलेल्यांच्या घरी भांडी पोचतात. या पैशातून टाइल्स, प्लंबिंग, सळईचे रीतसर शिक्षण मोठ्या प्रमाणावर दिले असते, तर तुटवड्यावर काही उपाय झाला असता. पातेल्यांनी तो होत नाही.

यंत्रे हा दुसरा उपाय, आणि तो वेगाने येतो आहे. उंच इमारतींत अॅल्युमिनियमचे साचे, ज्यांना साइटवर ‘मायवान’ म्हणतात, आता नेहमीचे झाले. त्यांनी भिंत आणि स्लॅब एकदमच ओतले जातात. सिडकोने बामणडोंगरी इथे कारखान्यात घडवलेले भाग जोडून 96 घरांची इमारत 96 दिवसांत उभी करून दाखवली. पण साच्यांची किंमत शेकडो एकसारख्या घरांवरच वसूल होते. सांगलीच्या उपनगरात चार फ्लॅट बांधणाऱ्याला ते परवडणार नाही. आणि यंत्राने पहिले काम जाते ते बाईचे. पूर्वी स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची साखळी लागायची, तिच्यात निम्म्या बायका असत. आता तयार काँक्रीट पंपाने थेट वर चढते. जोडीतला पुरुष पंपाच्या नळीवर राहतो, बाईला झाडलोट आणि क्युरिंगचे पाणी मारणे उरते, तेही कमी मजुरीत.

वाढत्या मजुरीचा भार शेवटी कोण उचलणार, हे निविदेतल्या एका कलमावर ठरते. मोठ्या सरकारी कामांत सिमेंट, पोलाद, डांबराचे भाव वाढले की ठेकेदाराला फरक मिळतो. मजुरीचा फरक मात्र औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर काढतात, आणि त्या निर्देशांकात डाळ, भाडे, कापड असते. वारज्याच्या अड्ड्यावर टाइल्सवाल्याने आज किती मागितले, हे नसते. छोट्या मुदतीच्या कामांना तर बहुधा हा फरकही नाही. त्यामुळे नव्या निविदा भरताना ठेकेदार मजुरीची जोखीम आधीच दरात घालू लागले आहेत. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2026 पर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका उरकण्याचा आदेश दिला होता. आचारसंहितेत नवे कार्यादेश निघत नाहीत. मग राहतात फेब्रुवारी आणि मार्च. तेव्हा ऊसतोड चालूच असते, सगळी खाती मार्चअखेरची बिले काढायला एकदम धावतात, आणि दोन महिन्यांसाठी गवंड्याचा जो भाव निघतो तो एप्रिलमध्ये उतरत नाही.