गुडघ्यावरचा निळा डाग

रांगायला लागलेल्या बाळाच्या गुडघ्यावर काळे-निळे डाग दिसले की घरात पहिला प्रश्न येतो, 'पाडलंस का गं याला?' मग दृष्ट काढली जाते. पुढे कधीतरी दुधाचा दात हलतो, हिरडीतून रक्त सुरू होतं आणि दोन दिवस झाले तरी थांबत नाही. तेव्हा कुठे धावपळ होते. हिमोफिलिया आपल्याकडे बऱ्याचदा असा उशिरा कळतो. काही मुलांच्या बाबतीत तर कळतच नाही.

रक्त गोठवणारी काही प्रथिनं आपल्या रक्तात असतात, त्यांना 'फॅक्टर' म्हणतात. आठवा फॅक्टर कमी असला तर हिमोफिलिया 'ए', नववा कमी असला तर 'बी'. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला 'ए' असतो. अशा मुलाचं रक्त भळाभळा वाहतं असं नाही, ते थांबायचं नाव घेत नाही एवढंच. खरा धोका आतल्या रक्तस्रावाचा. गुडघा, घोटा, कोपर सुजतात, पुन्हा पुन्हा असं झालं की सांधा कायमचा आखडतो. डोक्यात रक्तस्राव झाला तर जिवावरच बेततं.

इलाज आहे. कमी असलेला फॅक्टर शिरेतून द्यायचा. श्रीमंत देशांत मुलांना तो लहानपणापासून आठवड्यातून दोन-तीनदा देतात. ती मुलं शाळेत जातात, पोहतात, पुढे नातवंडंही बघतात. गरीब देशांत मात्र तीव्र आजाराची कितीतरी मुलं मोठी होण्याआधीच जातात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरात सुमारे 11 लाख 25 हजार पुरुषांना हा आजार असावा, असा अंदाज मांडला होता. नोंद झालेले त्याहून फारच कमी. आपल्या देशातही तीच गत. मग बाकीचे कुठे गेले? कुणी दात काढताना, कुणी साध्या शस्त्रक्रियेत, कुणी पडल्यावर गेला आणि कारण कुणाला कळलंच नाही.

या कामाला सुरुवात रुग्णांनीच केली. कॅनडात फ्रँक श्नाबेल यांनी 1963 मध्ये जागतिक संघटना उभी केली. त्यांना स्वतःलाच हा आजार होता. 17 एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळतात. भारतातही 1983 पासून रुग्णांचा महासंघ आहे. आता आपल्या राज्यात काही सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो. 2016 च्या अपंगत्वाच्या कायद्यातही हिमोफिलिया आला. पण तालुक्याहून जिल्ह्याला जायला एसटीचे तीन तास लागत असतील, तर सुजलेला गुडघा तेवढा वेळ थांबत नाही.

आणि आईचं काय? 'ताई, सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरचं रक्तच खराब,' असं एक मुलगी मला रडत सांगत होती. मैत्रिणींनो, हा दोष बहुतेक वेळा आईकडून येतो हे खरं, पण तो काही तिनं मागून घेतलेला नसतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर आधी कुणालाच तो नसतो! शिवाय वडिलांना हिमोफिलिया असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक होतात. तेव्हा बोट दाखवायचंच म्हटलं तर दोन्ही घरांकडे दाखवावं लागेल.

अशा मुलाला दुखतंय म्हणून ॲस्पिरिन कधीही देऊ नका. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना आजार सांगा. लस मात्र चुकवू नका, ती बारीक सुईने देऊन जागा काही मिनिटं दाबून धरतात. सांधा सुजला तर मालीश नको, शेकही नको. बर्फ कापडात गुंडाळून ठेवा, हालचाल थांबवा आणि लगेच रुग्णालय गाठा. डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असलं तरी निघा. दप्तरात आजाराचं नाव आणि रक्तगट लिहिलेलं कार्ड असू द्या, शाळेच्या बाईंनाही सांगून ठेवा.

घरात असा मुलगा असेल तर त्याच्या बहिणीची, मावशीचीही तपासणी करून घ्या. वाहक बायकांपैकी काहींना पाळीत खूप रक्त जातं, बाळंतपणात जास्त रक्तस्राव होतो. 'बाईच्या जातीला हे चालायचंच' म्हणून त्या वर्षानुवर्षं अंगावर काढतात. बहिणीचं लग्न ठरण्याआधी, निदान पहिल्या बाळंतपणाआधी तरी हे डॉक्टरांच्या कानावर गेलेलं असावं.