पीकराखणीसाठीं पहिली ठासणीची बंदूक

भात पोटरींत आलें कीं रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो, आणि एका रात्रींत कळपानें लोळविलेलें शेत पाहिलें म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत बंदुकीचा विचार येतो. अशी बंदूक प्रथमच घेणारानें काय पाहावें, अशी सभासदांची वरचेवर पृच्छा होते. म्हणून तो विषय येथें घेतला आहे.

ठासणीचीच बंदूक कां, हें आधीं सांगितलें पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तिनें काम भागणार नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देतां येते. अमेरिकेंत आंतून पीळ असलेल्या ठासणीच्या रायफली शिकारीसाठीं हौसेनें वापरतात, व कित्येक संस्थानांत त्यांच्याकरितां निराळा हंगामही राखून ठेवतात. आपलें प्रयोजन हौसेचें नव्हे, राखणीचें आहे. साध्या नळींतून गोळी, छर्रे किंवा नुसता आवाजाचा बार, यांपैकीं कांहींही काढतां येतें. ही सोय रायफलींत नाहीं.

जुन्या तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकी आतां शोभेच्याच समजाव्या. अलेक्झांडर फोर्सिथ नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या दारूच्या युक्तीचें पेटंट १८०७ सालीं घेतलें. तिच्यांतूनच पुढें केपेची बंदूक निघाली. कोंकणासारख्या दमट मुलखांत केपेचीच घ्यावी.

एकनळी कीं दुनळी, हा प्रश्न नेहमीं निघतो. नवशिक्यानें एकनळीच घ्यावी असें आमचें स्पष्ट मत आहे. दुनळींतील एक बार उडाला कीं त्याच्या धक्क्यानें दुसऱ्या नळींतील गोळी जागची पुढें सरकूं शकते. शिवाय अंधारांत घाईघाईनें भरतांना एकाच नळींत दोनदां दारू पडण्याचा संभव असतो. दोन्ही प्रकारांत नळी फुटण्याचें भय आहे. दुसऱ्या बाराच्या लोभानें हात गमावण्यांत अर्थ नाहीं.

बंदूक हातीं घेतली कीं ती भरलेली आहे असेंच धरून चालावें. वर्षांनुवर्षें आढ्याला टांगलेल्या बंदुकींत आजोबांनीं ठासलेला बार तसाच असूं शकतो. केप नाहीं हें पाहून, नळीचें तोंड कोणाकडेही नाहीं अशा बेतानें, गज हळूच नळींत सोडावा. नळीच्या तोंडाशीं गजावर खूण करावी, व गज काढून नळीला बाहेरून लावून पाहावा. तो बुडाशीं केपेच्या जागेपर्यंत पोंचला पाहिजे. चार बोटें अलीकडेच राहिला, तर आंत बार आहे किंवा घाण साचली आहे असें समजावें, आणि पुढें स्वतः हात न लावतां बंदूक जाणत्या कारागिराकडे न्यावी. रिकाम्या नळींत गज पडला म्हणजे खणखणीत वाजतो. बारावर पडला तर बद्द आवाज येतो.

नळी रिकामी ठरल्यावर तिच्या बुडाकडील भाग पारखावा. काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते, त्यामुळें न धुतलेली नळी तेथेंच आंतून गंजून खड्डे पडतात. बाहेरून घांसून चकचकीत केलेली बंदूक पाहून भुलूं नये. आम्हांला तर अशा चकाकीचा संशयच येतो. मग घोडा अर्ध्यावर चढवून चाप ओढावा. घोडा पडला तर ती बंदूक फुकट मिळाली तरी घेऊं नये. केप जिच्यावर बसते ती लहान नळी, जिला कारागीर निपल म्हणतात, ढिली किंवा झिजलेली असेल तर पेटलेला वायु उलट तोंडावर येतो; ती मात्र बदलून मिळते. दस्ता मुठीपाशीं तडकलेला नसावा, आणि खांद्याला लावतांच मान न वांकवितां नजर नळीवरून सरळ जावी.

कारागिराचें नांव, क्रमांक किंवा दुसरी ओळखखूण बंदुकीवर ठोकलेली असलीच पाहिजे. तशी खूण नसलेल्या बंदुकीची विक्री ८ व्या कलमानें निषिद्ध आहे. वडिलोपार्जित बंदूकही आपोआप आपली होत नाहीं. परवाना व्यक्तीच्या नांवाचा असतो; तो धारक वारला कीं वारसानें ती विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेवून मग स्वतःचा अर्ज करावा. अर्जाबरोबर सात-बारा जोडतांना त्यावर पिकांची नोंद चालू वर्षाची आहे ना, हें पाहून घ्यावें. पिकाचा रकाना कोरा ठेवून पीकसंरक्षणाचा परवाना मागणारे अर्जदार आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिले.

दारू काळीच वापरावी. काडतुसांतील बिनधुराची दारू ठासणीच्या नळींत घालणें म्हणजे नळी फोडणेंच होय. गोळी दारूवर पक्की बसली पाहिजे. मध्यें पोकळी राहिली तरी नळी फुटूं शकते. चाप ओढूनही बार उडाला नाहीं, तर नळी सुरक्षित दिशेला धरून बराच वेळ थांबावें, कारण ओली दारू उशिरानें पेटते. बार काढल्या दिवशींच नळी ऊन पाण्यानें धुऊन, कोरडी करून तेल द्यावें.

आतां महत्त्वाची गोष्ट. बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टांत आहे. उभ्या पिकाला उपद्रव देणारें जनावर मारण्यास ११ व्या कलमाखालीं वनखात्याचा लेखी हुकूम लागतो, आणि मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता ठरते. गवा व मोर पहिल्या परिशिष्टांत असल्यामुळें पिकाच्या नुकसानीसाठीं त्यांना मारण्याचा हुकूम मिळत नाहीं. हुकूम हातीं असला तरी डुकरावर छर्रे झाडूं नयेत. तें मरत नाहीं, जखमी होऊन उलटतें, आणि सकाळीं गवत कापायला गेलेल्या बायामाणसांवर धांवतें. बहुतेक रात्रीं गोळीवांचून काढलेला नुसता बारच कळप हाकलण्यास पुरतो.

अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आंत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवांचून मिळत नाहीं, म्हणून त्या टापूंतील सभासदांनीं बंदुकीचा सौदा करण्यापूर्वीं वनक्षेत्रपालाच्या कचेरींत चौकशी करावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची आहे. निवडणुकीच्या सुमारास बंदूक ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम झाला, तर क्रमांक लिहिलेली पोंच घ्यावी, आणि परत घेतांना गज टाकून नळी पुन्हा तपासावी.