मिठाने पाडलेली जाळी

उल्हासनगरला लागून शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. लाकडाच्या लगद्यातून तिथे धागा निघतो. त्या लगद्यातलं सेल्युलोज म्हणजे पॉलिमर, एकाच जातीच्या हजारो रेणूंची साखळी. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरचं कुणी कामाला जातं, त्यांना हा शब्द नवा नाही. पण असाच एक पॉलिमर शरीरात बसून पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवू शकतो, हे वाचलं आणि मी थक्क झालो.

त्याचं नाव पीएलजीए. ऑपरेशनचे आपोआप विरघळणारे टाके 1970च्या दशकापासून याच घराण्यातले आहेत. अंगातल्या पाण्याने साखळी तुटते, उरतं लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल. बदलापूर लोकल पकडायला पुलाचा जिना धावत चढलात की पोटऱ्यांत तयार होतं, तेच हे लॅक्टिक आम्ल! त्याची विल्हेवाट लावणं शरीराच्या रोजच्या सवयीचं.

हार्वर्डच्या डेव्हिड मूनी यांच्या गटाने त्याची अ‍ॅस्पिरिनच्या गोळीएवढी चकती केली. कृती बघा. पॉलिमरमध्ये पाव मिलिमीटरहून जरा मोठे मिठाचे कण मिसळायचे, मग चकती पाण्यात ठेवून मीठ काढून टाकायचं. मागे राहते घावनासारखी जाळी. तिच्यात तीन गोष्टी असतात: रोगप्रतिकारक पेशींना बोलावणारं प्रथिन, जिवाणू शिरल्याची हूल देणारा डीएनएचा तुकडा आणि रुग्णाच्याच गाठीचा अर्क. चकती कातडीखाली बसवतात. पेशी जाळीत शिरतात, अर्कातून शत्रूची ओळख पटवून घेतात आणि लसिका ग्रंथीकडे निघतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तीच ही ग्रंथी. तिथे या पेशी टी-पेशींना, म्हणजे शत्रूला मारणाऱ्या पेशींना, कामाला लावतात.

अमेरिकेत 2010 साली प्रोस्टेट कॅन्सरवरच्या ज्या लसीला मान्यता मिळाली, तिच्यासाठी पेशी रक्तातून काढून प्रयोगशाळेत तयार कराव्या लागतात. या चकतीच्या लसीत ते सगळं शरीरातच घडतं. मला ही झेप फार मोठी वाटते.

2009 साली उंदरांवर यश आलं, 2013 साली बोस्टनमध्ये मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांवर चाचणी सुरू झाली. रोजच्या उपचारात मात्र ही चकती अजून आलेली नाही. तेव्हा कॅन्सर बरा करणारी लस देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर आधी परळच्या टाटा रुग्णालयात विचारा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी एचपीव्ही लस आज मिळते. ती मुलींना वेळेवर द्या.