इथर उकळू लागेपर्यंत

कार्बनला कार्बन जोडणं हे सेंद्रिय रसायनशास्त्रातलं सगळ्यात देखणं काम, आणि त्यात ग्रिन्यार अभिकारकाचा मान पहिला, असं माझं पक्कं मत आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये लिऑंला फिलिप बार्बिए यांनी जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरून पाहिलं, पण निकाल बेभरवशाचे येत. त्यांनी विषय विद्यार्थ्याकडे, व्हिक्टर ग्रिन्यार यांच्याकडे सोपवला. ग्रिन्यार यांनी कोरड्या इथरमध्ये मॅग्नेशियमचं संयुग, म्हणजेच हा अभिकारक, आधी बनवलं आणि कीटोन मागाहून घातला. १९०० साली शोधनिबंध आला, १९१२ साली नोबेल, पॉल साबातिए यांच्याबरोबर विभागून.

मला मात्र खरी ओढ आहे ती अभिक्रिया सुरू होण्याच्या क्षणाची. फ्लास्कमध्ये मॅग्नेशियमच्या चकचकीत टर्निंग्ज, वर इथर, त्यात थोडं ब्रोमोबेंझीन. आणि काहीच घडत नाही. कारण धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. आयोडिनचा एक कण टाकला की इथर तपकिरी होतं, मग तो रंग फिका पडत नाहीसा होतो. एखाद्या टर्निंगच्या कडेला बुडबुडे दिसतात, द्रावण गढूळ होतं, आणि खालची उष्णता काढून घेतली तरी इथर आपलं आपण उकळत राहतं. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात कितीदा पाहिलं तरी या क्षणी मी टेबलापासून हलत नाही.

धोकाही नेमका इथेच आहे. सुरुवात होत नाही म्हणून विद्यार्थी अधीर होतो आणि ब्रोमोबेंझीनचं ड्रॉपिंग फनेल रिकामं करतो. मग पापुद्रा फुटला की साठलेला सगळा ब्रोमाइड एकदम पेटून उठतो आणि उकळतं इथर कंडेन्सरच्या तोंडातून बाहेर येतं. म्हणून आधी दहावा हिस्साच घालावा. सुरुवात झाल्याची खात्री पटल्याशिवाय पुढचा थेंब नाही. बर्फाचं भांडं शेजारी तयार हवं, पण फ्लास्क त्यात आधीच ठेवायचा नाही; थंडीत सुरुवात आणखी लांबते. औषध कारखान्यांतल्या मोठ्या रिअ‍ॅक्टरलाही हाच नियम लागू आहे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक ग्रिन्यारच्याच पायरीने बनतं, आणि तिथे साठलेला हॅलाइड टनावारी असू शकतो.

सुरुवात अडवणारा दुसरा शत्रू म्हणजे पाणी. मुंबईच्या जुलैत तो हवेतच असतो. काचेची भांडी रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून गरम असतानाच जोडावीत, कंडेन्सरवर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावावी, इथर सोडियमच्या तारेवर राखलेलं असावं. इथरच्या रेणूंमधला ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून ठेवतो, तेव्हाच ब्रोमोबेंझीनपासून बनलेलं फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइड द्रावणात टिकतं. पाण्याचा रेणू भेटला तर त्याचं नुसतं बेंझीन होतं.

मे महिन्यात अडचण वेगळी. इथर ३४.६ अंशांना उकळतं आणि गच्चीवरच्या टाकीतून कंडेन्सरमध्ये पाणी येतं ते कोमट. अशा वेळी बादलीत बर्फ घालून छोट्या पंपाने तेच पाणी फिरवावं. इथरची वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असते. ती टेबलावरून सरपटत लांबच्या गरम प्लेटपर्यंत पोचते आणि आग उलट्या वाटेने फ्लास्ककडे येते. त्यामुळे काम फ्यूम हूडमध्येच करावं, जवळ ज्योत नको, ठिणगी उडवणारी मोटर नको. जुन्या, अर्धवट भरलेल्या बाटलीतल्या इथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साठतात. ते तपासल्याशिवाय इथर कधीच आटवू नये.

मॅग्नेशियम पेटलं तर पाणी नको आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नको. जळतं मॅग्नेशियम त्या वायूतलाही ऑक्सिजन ओढून घेतं. हाताशी कोरडी वाळू ठेवावी.

शेवटी कीटोन म्हणून बेंझोफिनोन घातल्यावर फ्लास्क बर्फात ठेवून अमोनियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण थेंबाथेंबाने सोडावं. तीव्र आम्ल इथे मला पसंत नाही. यातून मिळणारं ट्रायफिनाइलमिथेनॉल ते सोसतं, पण बऱ्याच तृतीयक अल्कोहोलांतून पाणी निघून जातं आणि हाती अल्कीन येतं. तळाशी उरलेल्या टर्निंग्ज पूर्ण विरघळून हायड्रोजनचे बुडबुडे थांबेपर्यंत हूडचा पंखा चालूच ठेवावा.