सीडी-फ्लॉपीतल्या हरवलेल्या फाइली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नाचे फोटो, प्रबंधाचा खर्डा, दिवाळी अंकाची जुळवलेली पानं असं कितीतरी साहित्य अजून जुन्या सीडींत आणि फ्लॉपींत पडून आहे. ते बऱ्याचदा परत मिळवता येतं. मात्र मूळ बिघाडातून वाचलेली फाइल आपल्याच घाईच्या उपायांनी कायमची जाऊ शकते.

गैरसमज : डिलीट केलेली फाइल फ्लॉपीवरून पुसली जाते.
वस्तुस्थिती : डॉस आणि विंडोज फक्त यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलतात आणि फाइलची जागा मोकळी झाल्याची नोंद करतात. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. म्हणून साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. 'फॉरमॅट करायचं का?' असं संगणकाने विचारलं, तर 'नाही' म्हणा.

गैरसमज : सीडीची चकचकीत बाजू जपली की पुरे.
वस्तुस्थिती : नाजूक बाजू लेबलची आहे. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. लेसर खालून जवळजवळ ही सगळी जाडी ओलांडतो, कारण माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ लेपाआड असतो. खालच्या ओरखड्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर सलग माहिती वाचता आली नाही, तरी सीडीतली चूकदुरुस्तीची व्यवस्था ती भरून काढते. वरचा चंदेरी थर उडाला, तर तिथली माहितीही गेली. त्यामुळे लेबलवर बॉलपेनने लिहू नये.

गैरसमज : टूथपेस्टने घासली की सीडी चालते.
वस्तुस्थिती : पेस्टमधले कण प्लास्टिक खरवडतात, म्हणजे नवे ओरखडे पडतात. मऊ, स्वच्छ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या रेषेबरोबरच धावतो आणि सलग मोठा भाग वाचता येत नाही.

गैरसमज : ड्राइव्हने डिस्क नाकारली, म्हणजे ती संपली.
वस्तुस्थिती : एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याला वाचता येते. आधी संपूर्ण डिस्कची इमेज करा आणि शोधाशोध त्या प्रतीवरच करा. 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम सहज वाचता येणारे भाग आधी उतरवून घेतो आणि अडलेल्या भागांकडे नंतर वळतो. पावसाळी दमटपणाने फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरली असेल, तर ती तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि नंतर घातलेल्या फ्लॉपींनाही इजा होते.

गैरसमज : मराठी फाइल उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसली, म्हणजे ती खराब झाली.
वस्तुस्थिती : युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांची अक्षरयोजना आपापली होती. तो फॉन्ट बसवला किंवा योग्य कन्व्हर्टर वापरला, की मजकूर वाचता येतो. अशी फाइल टाकून देणं म्हणजे हाती आलेलं लेखन गमावणं आहे.

मर्यादाही आहेत. ज्या जागेवर नवं लिहिलं गेलं, तिथलं जुनं परत येत नाही. लिहिता येणाऱ्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि वयाने विरतो, तो पूर्ववत होत नाही. सोनीने २०११मध्ये फ्लॉपीची विक्री थांबवली आणि नव्या लॅपटॉपांत सीडी ड्राइव्ह क्वचितच असतो. तेव्हा ज्या डिस्क आज वाचता येतात, त्यांच्या प्रती आजच करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.