समोरासमोर टक्कर!

उभ्या गाडीवर दुसरी गाडी आदळली, तर बराच जोर दोघींना पुढे ढकलण्यातच खर्च होतो. सारख्याच वेगाने समोरासमोर आदळल्या, तर सारा जोर मोडतोडीत जातो! कणांचेही तसेच. म्हणून १९६० साली इटलीत ब्रूनो टाउशेक यांनी सुचविले, की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकाच कड्यात फिरवावेत. विद्युत्‌भार विरुद्ध, त्यामुळे एकच चुंबक त्यांना उलट दिशांनी फिरवील. १९६१ मध्ये ‘आडा’ हे यंत्र चालू झाले. कक्षेचा व्यास जेमतेम १.३ मीटर!

पण पॉझिट्रॉन फारच थोडे जमत. अखेर १९६२ मध्ये यंत्र ट्रकवर घालून फ्रान्समधील ऑर्से येथे नेले. तेथे नवेच कोडे: कण वाढविले, की झोत लवकर विरे. एकाच झोतातले कण आपसांतच धडकत होते, हे टाउशेक यांनीच ओळखले. १९६४ मध्ये हव्या त्या टकरींची मोजणीही प्रसिद्ध झाली.